जाळीवरचा पत्रा

आमच्या सोसायटीसमोरचा भुयारी मार्ग अनेक वर्षं बंद आहे. त्यात काही बेघर कुटुंबं राहतात. तिथे वीज नाही, नळ नाही, पण चूल पेटते. फुटपाथवरच्या लोखंडी जाळीतून धूर वर येतो, म्हणून काल सकाळी सेक्रेटरींनी त्या जाळीवर पत्रा ठोकून घेतला. आम्ही काही जण बघत उभे होतो.

थोड्या वेळाने एक बाई पहार घेऊन वर आली आणि पत्रा उचकटू लागली.

"अहो, आमच्या घरात धूर येतो," सेक्रेटरी म्हणाले.

"खाली माझी लेक बाळंतीण आहे," हात न थांबवता ती म्हणाली. "तिनं श्वास कुठून घ्यायचा?"

जमीन आणि पाणी माणसांनी कधीच वाटून घेतलं, वारा तेवढा सगळ्यांचा राहिला, असं मी समजत होतो. पण एका पत्र्यानं तोही आपला करून घेता येतो, आणि उभं राहून बघणाऱ्यांना त्यात काही वावगं वाटत नाही.

पत्रा सुटत आला तेव्हा मी तो धरायला पुढे झालो. तिनं माझा हात झिडकारला.

"ठोकताना तिथंच उभे होता ना? मग आता बी तिथंच उभे राहा."