मंगळवारचं कोरं कार्ड

माझ्या धाकट्या भावाला सगळे कडाकमास्तर म्हणतात. मान असो की कंबर, हा दोन हातांनी धरतो, कडाक असा आवाज येतो आणि आखडलेला माणूस हसत उठतो. तो कायरोप्रॅक्टर आहे, रीतसर शिकून आलेला. पण समोरच्या इस्पितळातल्या सर्जनबाईंच्या लेखी तो नुसता हाडं मोडणारा. "तुमचा भाऊ बिघडवतो आणि निस्तरते मी," असं त्या एकदा औषधाच्या दुकानात, चारचौघांत म्हणाल्या. मी भावाच्या दवाखान्याचं टेबल सांभाळते; त्याच्यापेक्षा वयाने मोठी आहे आणि तोंडानेही. त्यांना काय सुनावलं ते इथे लिहीत नाही.

भाऊ सावकाश काम करणारा. तो आहेच तसा. माणूस आला की आधी अर्धा तास नुसता तपासतो. टाचांवर चालवतो, गुडघ्यावर हातोडी मारतो, काय आढळलं आणि काय केलं ते कार्डावर लिहितो. बाहेर खुर्च्या भरतात आणि बोलणी मी खाते. "अरे, नेहमीच्या जुन्या माणसांना तरी तपासणीतून सोड," असा मी त्याच्या मागे धोशा लावला होता. शेवटी कंटाळून तो हो म्हणाला.

त्या गुरुवारी सकाळी बसड्रायव्हर आला. चार वर्षं येतोय, मंगळवारीही येऊन गेला होता. एरवी जिन्यातूनच ज्याची 'ताई, आलो' अशी हाक यायची, तो दाराची चौकट धरून उभा होता.

"मास्तर, परवासारखा एक कडाका द्या बघू. डावा पाय ओढावा लागतोय, आणि दोन वाजता गाडी काढायचीय."

भावाने त्याला झोपवलं, कमरेकडे हात नेला आणि तसाच मागे घेतला.

"लघवीला कधी गेला होतात?"

"हे काय मध्येच?" ड्रायव्हर हसला.

"कधी?"

"काल रात्री. आज होतच नाहीये. बसायची जागाही बधिर झालीय."

भाऊ पडद्याबाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मणक्यातली गादी सरकून खालच्या सगळ्या नसा दबल्यात, म्हणाला. काही तासांत ऑपरेशन झालं नाही तर पाय जाईल, लघवीवरचा ताबा जाईल, कायमचा. त्याने फोन उचलला आणि मी त्याचं मनगट धरलं. माझ्यासमोर मंगळवारचं कार्ड होतं. 'कंबर हलवली' एवढंच लिहिलेलं. तपासणीची जागा कोरी.

"मंगळवारचं बोलू नकोस," मी कुजबुजले. "त्या बाई टपूनच बसल्यात. दवाखाना बंद करायला लावतील."

"ताई, हात सोड."

मी सोडला. तो सर्जनबाईंशी बोलू लागला. "मंगळवारी मी कंबर हलवली. आधी तपासलं नव्हतं. हो, चूक झाली. आज डावं पाऊल उचलत नाही. नाही, आज काही केलेलं नाही." पलीकडून त्या इतक्या ओरडल्या की मलाही ऐकू आलं. मग म्हणाल्या, "आणा त्यांना. आत्ता."

चाकांच्या खुर्चीवरून आम्ही त्याला रस्त्यापलीकडे नेलं. बाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी भावाच्या हातातलं कार्ड ओढून घेतलं, ड्रायव्हरचं पाऊल वर-खाली करून पाहिलं. "तुमच्याशी नंतर बोलते," एवढं भावाला म्हणून त्या ड्रायव्हरला आत घेऊन गेल्या.

पाच तास आम्ही बाहेर होतो. भाऊ एकदाही बसला नाही.  ड्रायव्हरची बायको कामावरून धावत आली, तिला भावानेच सगळं सांगितलं. ती त्याच्यापासून चार पावलं लांब जाऊन उभी राहिली.

सर्जनबाई बाहेर आल्या. "गादी काढली. पाऊल हलतंय. लघवीचं आज सांगता येणार नाही."

"यांच्यामुळे झालं का?" बायकोने भावाकडे बोट दाखवलं.

"माहीत नाही. गादी आधीच सरकत असेल, किंवा त्या धक्क्याने निसटली असेल. पण यांनी फोनवर खरं सांगितलं म्हणून मी त्यांना सगळ्यांच्या आधी आत घेतलं. आज कंबरदुखीचे बावीस जण बाकावर बसलेत. तुमचा नवरा तेविसावा असता."

"तपासायला हवं होतं," भाऊ म्हणाला. "मी तपासलं नाही."

सर्जनबाईंनी कार्ड त्याला परत दिलं. "उद्या आठला माझ्याबरोबर वॉर्डात या. हे पाय तुम्ही चार वर्षं पाहिलेत. आधी किती जोर होता, ते मला कोण सांगणार?"

भावाने मान हलवली. माझं नाव त्याने घेतलंच नाही, आणि ते मला सहन होईना. मी ड्रायव्हरच्या बायकोसमोर जाऊन उभी राहिले.

"मी तपासू दिलं नाही. जुन्या माणसांवर वेळ घालवू नकोस, असं मीच त्याला म्हणाले होते."

ती रागावेल, ओरडेल म्हणून मी वाट पाहत राहिले.

"घरी तुमचा विषय निघाला की ते 'आमच्या ताई' म्हणतात. हे त्यांना तुम्हीच सांगा," ती म्हणाली, आणि आत नवऱ्याकडे गेली.