टाकीच्या नळीचा सांधा
पंक्चरच्या दुकानातून रबराच्या सोल्यूशनचा वास आला की मला पिंपळनेर आठवतं. ऐंशीच्या दशकातला एक उन्हाळा; मी धुळ्याच्या फिरत्या दवाखान्याच्या गाडीवर नर्स होते. डोंगरातल्या एका पाड्यावर जुलाब-उलट्यांची साथ आली होती. तिकडे जाताना पिंपळनेरला आमच्या लक्षात आलं, की गाडीच्या टाकीत पाणी भरायच्या नळीचा सांधा फाटलाय. ओतलेलं पाणी टाकीत न जाता मातीत सांडत होतं, आणि स्वच्छ पाण्याशिवाय पाड्यावर जाऊन उपयोग नव्हता. ड्रायव्हरने बाजारातून पंक्चर काढणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना आणलं. ते गाडीखाली उताणे झोपून सांध्यावर ट्यूबची पट्टी चिकटवायचे, मनासारखी बसली नाही की काढून पुन्हा चिकटवायचे. ऊन चढत होतं. "चाचा, लवकर आटपा. तिकडे लेकरं मरताहेत," मी चिडून म्हणाले. "माले माहीत शे, सिस्टर," ते शांतपणे म्हणाले, "पण घाई करी तं वाटमा फुटी जाई." शेवटी पट्टीवर तार आवळून त्यांनी बादलीभर पाणी ओतायला लावलं. थेंबही गळला नाही. गाडी निघाल्यावर ड्रायव्हर म्हणाला, त्यांची नात याच आजाराने गेली, कालच तिला दफन करून आलेत. पाड्यावर आम्ही दोन दिवस राहिलो, आणि आमच्यासमोर एकही मूल दगावलं नाही. परतताना मी माफी मागायला त्यांच्या दुकानाशी उतरले. मला बघताच त्यांनी विचारलं, "पोरे बठ्ठा बरा शेतस ना?" "हो चाचा, सगळी पोरं बरी आहेत," मी म्हणाले. माफीचे शब्द तेव्हा तोंडातून निघाले नाहीत, ते आजही माझ्यापाशीच आहेत.