पुस्तकात नसलेला शेवट

गंगापूर रोडला आमच्या सोसायटीतल्या काही बायका महिन्यातून एकदा एखाद्या पुस्तकावर बोलायला जमतात. अर्धी चर्चा, अर्धा चिवडा. यंदा पुस्तक सुचवायची पाळी माझी होती. मी डोळे मिटून माझी लाडकी कादंबरी सांगितली आणि वर फुशारकीही मारली, की हिच्या नायिकेनं मला जगायला शिकवलं. नवरा मारतो म्हणून ती माहेरी येते आणि तो न्यायला आला की ताठ सांगते, मी येणार नाही. मीही तेच केलं होतं. मी स्वतः मात्र पुस्तक पुन्हा उघडलं नव्हतं. पाठ असलेलं कोण वाचत बसतं?

"पण ती तर परत जाते ना?" जमल्यावर एकीनं विचारलं.

"छे! तुम्ही शेवटपर्यंत वाचलेलं दिसत नाही," मी फणकाऱ्यानं म्हणाले.

तिनं शेवटचं पान माझ्यासमोर धरलं. नायिका नवऱ्यामागून निमूटपणे एसटीत चढत होती. बाकीच्या हसल्या. मला हसू येईना. नवीन आवृत्तीत कुणीतरी शेवट बदलला असणार, असं मी ठणकावून सांगितलं आणि घरी येऊन पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. बाकी सगळं ओळखीचं होतं, शेवट तेवढा परका. मग हळूहळू लक्षात आलं, की हे पुस्तक मी कधी हातातच धरलं नव्हतं.

माहेरी आमची फुलशेती. दसऱ्याच्या आधी घरातले सगळे पडवीत झेंडूच्या माळा ओवायला बसत. कुणाचेच हात मोकळे नसत, म्हणून एकानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. वाचायची ती धाकटी काकू, कारण घरात जास्त शिकलेली तीच. त्या वर्षी मी मनमाडहून, सासर सोडून, नुकतीच आले होते. वडीलही आमच्यातच खाली मान घालून ओवत होते.

काकू अजून गावीच असते. मी सरळ तिच्याकडे गेले आणि विचारलं.

"हां, फिरवला शेवट," ती मेथी निवडता निवडता म्हणाली. "तुम्हा सगळ्यांचे हात झेंडूत. पुस्तकात कोण डोकावतंय?"

"माझ्यासाठी?" मी विचारलं.

"तुझ्यासाठी कशाला? तुझ्या बापासाठी. दुसऱ्या दिवशी तुझा नवरा न्यायला येणार व्हता, अन् भाऊजी तुला धाडायला तयार. मी धाकटी भावजय. मोठ्या दिरापुढं तोंड कशी उघडणार? मग जे सांगायचं ते पुस्तकात घातलं."

ऐकून मी चाटच पडले. इतकी वर्षं मी ती नायिका डोक्यावर घेऊन नाचत होते. काकूचा रागही आला, आणि तिच्या पायाही पडावंसं वाटलं.

"पण काकू, दुसऱ्या दिवशी नाही म्हणाले ते मीच ना?"

तिनं निवडणं थांबवून माझ्याकडं पाहिलं. "तू? तू तर पिशवी भरून ओट्यावर बसली व्हतीस. नाय म्हणले ते भाऊजी. पिशवीबी त्यांनीच उचलून आत नेली."

मी तिच्याशी वाद घातला. तुझं वय झालंय, तू विसरतेस, असंही बोलले. ती हसून पुन्हा मेथी निवडायला लागली. वडील आता नाहीत, तेव्हा विचारणार कुणाला? पिशवी मला कितीही ताण दिला तरी आठवत नाही. "मी येणार नाही" हे शब्द मात्र अजून स्पष्ट ऐकू येतात. त्यातला आवाज माझा, की पडवीत वाचणाऱ्या काकूचा, हे आता मला सांगता येत नाही.