शेवटच्या तासापुरता आवाज

लॅबमध्ये तिला सगळे ‘मीटरताई’ म्हणत. प्रोसेसर कुठल्याही घराण्याचा असो, तो काम किती करतो आणि वीज किती खातो हे स्वतः मोजल्याशिवाय बाईंचा विश्वास म्हणून बसायचा नाही. कंपन्यांची माहितीपत्रकं वाचून ती हसायची. सगळेच गुणी, सगळेच मिताहारी!

तिचा दादा शाळेत भूमिती शिकवायचा. घशाच्या ऑपरेशननंतर त्याचा आवाज कायमचा गेला. गळ्यात अडकवलेल्या यंत्रावर तो टाइप करी आणि यंत्र बोले. पण शेवटच्या तासाला बॅटरी हमखास मान टाकायची. वायर लावून एका जागी बसणं त्याला जमेना, बाकांमधून फिरत शिकवण्यात त्याचा जन्म गेला होता. मोठी बॅटरी त्या गळ्याला पेलेना. मुख्याध्यापिका भल्या, तरी नाइलाजानं म्हणाल्या, “सर, पुढच्या महिन्यापासून शेवटचा तास दुसऱ्या कुणाला तरी देते.” त्या संध्याकाळी दादानं ते तिला टाइप करून सांगितलं. तिचा जीव तुटला. तिला गणिताची गोडी लावली ती याच माणसानं, एकदाही आवाज न चढवता.

साहेबांनी दादाच्या यंत्रासाठी लॅबमधली हवी ती चिप वापरायची मुभा दिली. त्यांचे उपकार ती अजून मानते. एक चिप मोठ्या कॉम्प्युटरांच्या घराण्यातली, दुसरी मोबाईलच्या. दोन्ही तिनं पूर्ण वेगानं पळवल्या. तेवढ्याच विजेत काम करण्यात पहिली बरीच पुढे निघाली आणि तीच बसवायचं ठरलं. तरी मन मानेना, म्हणून रजा टाकून ती दादाच्या वर्गात मागच्या बाकावर स्टॉपवॉच घेऊन बसली. चाळीस मिनिटांत दादा बोलला जेमतेम सहा मिनिटं. बाकी वेळ तो मुलांचं ऐकत होता, फळ्यावर आकृत्या काढत होता. म्हणजे चिपला काम थोडं, वाट पाहणंच फार! आणि रिकामं बसून पहिली चिप दुसरीच्या चौपट वीज खात होती. आपण इतके दिवस भलतंच मोजत बसलो, म्हणून तिनं कपाळावर हात मारला.

मोबाईलवाली बसवली. बॅटरी टिकली, पण दादाचा विनोद पडला. मधल्या वेळात चिप गाढ झोपायची आणि जागी व्हायला दोन सेकंद घ्यायची. तोवर मुलं पुढच्या उदाहरणावर गेलेली.

“विनोद शिळा चालत नाही गं,” दादानं टाइप केलं.

मग तिनं चिपमधला एक छोटा, कमी खाणारा भाग कायम जागता ठेवला. वीज थोडी जास्त गेली, पण उत्तर अर्ध्या सेकंदात येऊ लागलं.

महिना संपायला एक दिवस असताना शेवटच्या तासाला ती आणि मुख्याध्यापिका वर्गाबाहेर उभ्या होत्या. आतून एक कंटाळलेला आवाज आला, “सर, घंटा कधी होणार?”

“तुझा काटकोन नव्वद अंशांचा होईल तेव्हा!” यंत्र ताडकन म्हणालं.

वर्ग खो-खो हसला, आणि वेळेवर हसला. “तास सरांचाच,” मुख्याध्यापिका डोळे पुसत म्हणाल्या.

घंटा झाली तेव्हा अठरा टक्के चार्ज शिल्लक होता. दोघं बहीणभाऊ पायी निघाली. यंत्र बंद पडलेलं असल्यानं वर्षभर ही वाट दादा मुक्यानंच चालायचा, भेटेल त्याला नुसता हात करत. कोपऱ्यावरच्या चांभारानं नेहमीप्रमाणे विचारलं, “काय सर, बरंय ना?”

दादा थांबला. सावकाश टाइप केलं.

“बरंय. ही माझी धाकटी बहीण. मी बोलतोय ते हिच्यामुळे.”