मध्यस्थाच्या खोलीत

माजलगावात आमचं मोटारी भरायचं दुकान होतं. ऊस असलेल्या गावात विहिरीवरच्या मोटारी जळतच राहतात. मी जळक्या मोटारीत नवी तांब्याची तार गुंडाळून भरायचो, माझा मित्र गिऱ्हाईक सांभाळायचा. आयटीआयपासूनची जोडी. चौदा एप्रिलला त्याच्या घरचे सगळे आमच्याकडं जेवायला असायचे.

भागीदारीचा कागद करताना वकील म्हणाले होते, वाद झाला तर लवाद म्हणून कुणाचं तरी नाव घाला. मित्र हसला, "आपल्यात कशाचा वाद लागतोय बे?" तरी आम्ही दोघं मानायचो त्या एका वयस्क व्यापाऱ्याचं नाव घातलं. पुढं ते वारले. दुसरं नाव घालायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही.

मित्राचा मुलगा इंजिनिअर होऊन आला. त्याला जुन्या मोटारी बंद करून सोलर पंपांचं शोरूम काढायचं होतं. मी नाही म्हणालो. भरण्याचं काम गेलं तर मी तिथं करणार काय? मित्र मुलाच्या बाजूनं बोलला. मग मीही तोडून बोललो. निवाडा करणारं माणूस उरलं नव्हतं, म्हणून भागीदारी मोडायचा दावा कोर्टात गेला. दुकानाला कुलूप लागलं, माझं तार गुंडाळायचं मशीन आतच राहिलं.

माझ्या वकिलांनी बजावलं, "आता त्यांच्याशी बोलू नका. एखादा शब्द अंगाशी येईल." त्यालाही तसंच सांगितलं असणार. तारखेला आम्ही कोर्टाच्या आवारात दोन टोकांना उभे राहायचो. चौदा एप्रिलला त्याच्या घरून कुणी येईनासं झालं. एकदा नळावर पाणी पिताना तो शेजारी आला. हळूच म्हणाला, "गुडघा कसा हाय?"

"बरा हाय," मी म्हणालो.

तेवढ्यात त्याच्या मुलानं हाक मारली. त्या सगळ्या काळात आम्ही एकमेकांशी बोललो ते एवढंच.

पुढं कोर्टानं प्रकरण मध्यस्थीला पाठवलं. मला फार बरं वाटलं. समोरासमोर बसलो की अर्ध्या तासात मिटेल, असं बायकोला सांगूनही टाकलं. पण तारीख यायच्या आधी त्याला लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. त्याच्या वतीनं सही करायची परवानगी कोर्टानं मुलाला दिली.

मुलानं त्याला चाकाच्या खुर्चीतून आणलं. मध्यस्थ बाई सौम्य होत्या. म्हणाल्या, "इथं बोललेलं बाहेर जात नाही. मोकळं बोला." मग मित्राकडं वळून विचारलं, "भागीदारी मोडायची आहे का तुम्हाला?"

"हाय," तो म्हणाला.

"की चालू ठेवायची आहे?"

"हाय."

मुलानं मान खाली घातली. "मॅडम, त्यांना एवढा एकच शब्द येतो." बाईंनी पेन खाली ठेवलं.

भांडायला मला काही उरलंच नाही. दुकान त्यांनी ठेवावं, मशीन आणि हत्यारं मी न्यावीत, असं ठरलं. मी सही केली, मुलानं केली. बाई कागद घेऊन बाहेर गेल्या. मुलगा म्हणाला, "काका, जरा बसता का यांच्यापाशी? रिक्षा आणतो."

आता आम्हाला बोलू नका म्हणणारं कुणी नव्हतं. मी खुर्ची जवळ ओढली. पत्र्याच्या शेडमध्ये काम सुरू करणार आहे म्हणून सांगितलं. गुडघा दुखतो, हेही खरं सांगितलं. तो माझ्याकडं बघत राहिला. शेवटी मी विचारलं, "राग हाय का रे माझ्यावर?"

"हाय," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

ते उत्तर होतं की नुसता उरलेला शब्द, हे मला अजूनही कळलेलं नाही. रिक्षा आली. मुलानं एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या. त्याचा उजवा हात मी माझ्या खांद्यावर घेतला. तो हात नुसता पडून राहिला, जड.