पाहुण्याचं पाणी

माझ्या बहिणीच्या गावातल्या हापशाचं पाणी मी तपासलं आणि ते पिण्यास योग्य आहे असं सांगितलं. ते योग्य नव्हतं. चूक कशी झाली हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे असं सगळेच समजतात. पूर्ण माहिती फक्त मला होती.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी जालन्यात एका सरकारी प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होतो आणि तिथंच मस्तगड भागात भाड्याच्या खोलीत राहत होतो. जिल्ह्यातल्या विहिरींचं, बोअरचं, नळाचं पाणी आमच्याकडे प्लॅस्टिकच्या कॅनमधून यायचं. त्यात क्षार किती, नायट्रेट किती, फ्लोराइड किती हे आम्ही काढायचो. फ्लोराइडची तपासणी दिसायला सोपी असते. पाण्यात एक लाल द्रावण मिसळायचं. फ्लोराइड असेल तर लाल रंग फिका होतो, जास्त असेल तर जास्त फिका. किती फिका झाला ते यंत्रावर मोजायचं. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड चालत नाही. त्याला वास नाही, रंग नाही. मोठ्या माणसाला वर्षानुवर्षं काही कळत नाही. लहान मुलांचे पक्के दात हिरड्यांखाली तयार होत असतात, त्यांच्यावर मात्र ते बसतं. दात उगवतात तेच डाग घेऊन, आणि ते डाग घासून जात नाहीत.

तालुक्यांतून नमुने घेऊन येणाऱ्या लोकांना मीच शिकवायचो. हापसा आधी थोडा वेळ चालवा, पाइपात साचलेलं पाणी जाऊ द्या. कॅन त्याच पाण्यानं विसळा. आणि स्वतःच्या हातानं भरा, दुसऱ्याच्या हातात देऊ नका. हे शेवटचं मी जरा आवाज चढवून सांगत असे.

अक्का माझ्याहून मोठी. पिंपळगाव रेणुकाईच्या पुढं एका शेतकरी घरात दिलेली. लग्न होऊन गेली तेव्हा पिण्याचं पाणी शेतातल्या विहिरीवरून आणावं लागायचं, चांगलं लांबून. मग एका कोरड्या साली गावात बोअर झाला, त्यावर हापसा बसला, आणि बायकांच्या डोक्यावरची घागर उतरली. भाची त्यानंतरची. तिच्या जन्मापासून घरात हापशाचंच पाणी.

भाचीचे दुधाचे दात पडून समोरचे नवे आले ते खडूसारखे पांढरे, आणि वर्षभरात त्यांच्यावर पिवळ्या-तपकिरी रेघा उमटल्या. भाऊबीजेला गेलो तेव्हा अक्कानं तिला माझ्यासमोर उभं केलं.

"तू पाणीच तपासतो ना रे. मंग आमचंबी बघ. या पाण्याला साबण लई फेसाळतो, अन् भात पिवळा पडतो. काही तरी हाये त्यात."

पुढच्या खेपेला मी कॅन घेऊन गेलो. दाजींनी लिंबाखाली बाज टाकली. चहा आला. मी उठून हापशाकडे निघालो तर अक्काच्या सासूबाईंनी, त्यांना मी मावशी म्हणायचो, कॅन माझ्या हातातून घेतला.

"पाव्हणे, बसा तुम्ही. बाटली भराया काय कलेक्टर लागतो का?"

"मावशी, हापशाचं पाणी हवं. थोडा वेळ चालवून, मग बाटली विसळून."

"बराबर. सांगितलं ना, बसा. सुनेचा भाऊ घरी येऊन हापसा हाणून राह्यला, लोक काय म्हणतील आम्हाला?"

दाजी हसले. "बसा हो. आता तुम्ही उठले तर आईचा चहा वाया जाईल."

मी बसलो. सुनेच्या भावानं तिच्या सासरी हट्ट करू नये, एवढं एक कारण होतं. दुसरं म्हणजे बाज सावलीत होती. कॅन यायला बराच वेळ लागला. आला तो बाहेरून पदरानं पुसून, झाकण घट्ट लावून. मी तो पिशवीत ठेवला आणि भोकरदनहून जालन्याची एसटी धरली.

प्रयोगशाळेत लाल रंग लालच राहिला. फ्लोराइड अगदी थोडं. मला हलकं वाटलं. भाचीचे डाग दुसऱ्या कशाचे असतील, औषधाचे असतील, पण पाण्याचे नाहीत.

मग मी त्याच पाण्याची कठीणता काढली. ते पाणी चांगलंच कठीण निघालं, चुन्याचं, उथळ विहिरीचं असतं तसं. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही. अक्का तर म्हणाली होती की साबण लई फेसाळतो. त्या पट्ट्यातल्या खोल बोअरचं पाणी मी पुष्कळ वेळा तपासलं होतं. ते मऊ असायचं, सोडा टाकल्यासारखं. भात त्यानंच पिवळा पडतो. माझ्यासमोरचं पाणी हापशाचं असूच शकत नव्हतं. हे मला त्या टेबलाशी उभं असताना कळलं होतं. नंतर नाही, तेव्हाच.

मी काय केलं? काही केलं नाही. पुन्हा जायचं म्हणजे मावशींना सांगायचं की तुम्ही भरलेल्या बाटलीवर माझा विश्वास नाही. परक्या गावचा नमुना असता तर मी परत पाठवला असता, दोन शब्द सुनावलेही असते. शिवाय उत्तर मला हवं तसं आलं होतं. मी अक्काला निरोप धाडला, पाणी चांगलं आहे, बिनधास्त प्या.

पुढचा उन्हाळा. कामानिमित्त भोकरदनला गेलो होतो, काम लवकर आटोपलं म्हणून न कळवता अक्काकडे वळलो. दार उघडंच होतं. अंगणात मोरीपाशी मावशी नातीची हनुवटी धरून कोळसा आणि मिठानं तिचे दात घासत होत्या. पोरीच्या ओठावर काळा ओघळ आणि त्यात लाल.

"मी न्हाई लावत मिशरी, आजी."

"न्हाई लावत तर दात आपोआप पिवळे झाले का? माझी डबी रिकामी कोण करून राह्यलं मंग? तुझ्या मामानं पाणी तपासलं. शिकलेला माणूस. पाण्यात बिलकुल काही न्हाई. राहिलं काय? तूच राहिली."

मावशी स्वतः मिशरी लावायच्या. भाजलेल्या तंबाखूची ती पूड लावून बायकांचे दात काळवंडतात हे सगळ्यांना माहीत. पोरगी चोरून लावते, असं घरात ठरून गेलं होतं. दोष कुठं तरी ठेवायचा होता, आणि पाण्यावरून तो मी उचलून घेतला होता.

मला पाहून मावशींनी हात धुतले, डोक्यावर पदर घेतला. पोरगी चूळ भरून आत पळाली. तहान लागली होती. तोंड धुवावं, पाणी प्यावं म्हणून गल्लीच्या तोंडाशी हापशावर गेलो, दांडा मारला आणि ओंजळ धरली.

अक्का दारातून ओरडली. "अरे, ते नको पिऊ. ते आमचं पाणी हाये. तुझं आणते."

"माझं म्हणजे?"

"पाव्हण्याचं. विहिरीवरचं. माठात भरून ठेवलेलं असतं."

मी ओंजळीतलं पाणी प्यालो. मचूळ आणि बोटांना बुळबुळीत. या घरात मी कितीदा पाणी प्यालो होतो आणि ते असं कधीच लागलं नव्हतं. हापसा झाल्यापासून त्या गावात पाहुण्यासाठी शेतातल्या विहिरीची एक घागर वेगळी आणायची रीत पडली होती. हापशाचं पाणी गोड लागत नाही, ते घरच्यांनी प्यायचं. पाहुण्याला, व्याह्याला, सुनेच्या माहेरच्याला विहिरीचं द्यायचं. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, सांगण्यासारखंही काही नव्हतं. पाहुण्याला बाजेवर गोधडी अंथरतात तसंच ते.

मी मावशींना विचारलं, "मागं बाटली कुठून भरली होती?"

"विहिरीवरून. गडी धाडला होता खास. सुनेच्या माहेरच्या माणसाची बाटली, ती काय या हापशानं भरू? तुमच्या हापिसात चार लोक बघणार. गावाचं नाव खराब कामून करायचं?"

त्यांच्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती, थोडा अभिमानच होता.

त्या दिवशी मी स्वतः हापसा चालवला, पिशवीतला रिकामा कॅन विसळला, भरला. मावशी ओट्यावरून बघत होत्या, त्यांना ते आवडलं नाही. जालन्यात द्रावण मिसळलं आणि लाल रंग बघता बघता उडाला. नमुन्यात शुद्ध पाणी मिसळून पुन्हा तपासलं, तरी मर्यादेच्या कितीतरी वर. साहेबांना कागद दिला आणि त्याच आठवड्यात गावी गेलो.

अंगणात सगळे होते. दाजी, अक्का, मावशी, पोरगी, आणि अक्काच्या मांडीवर धाकटा, ज्याचे पक्के दात अजून यायचे होते. मी समजावून सांगितलं. दात पाण्यानं गेले. पोरीनं काही केलेलं नाही. घासून फायदा नाही. यापुढं मुलांना विहिरीचंच पाणी द्या.

पोरगी आजीकडे बघून म्हणाली, "मी न्हाई लावत म्हणून सांगितल्तं."

मावशींनी पोरीची हनुवटी धरून तिचे दात पाहिले. मग म्हणाल्या, "म्हंजे त्या वक्ताला मी हापशाची बाटली भरली असती, तर तेव्हाच कळलं असतं."

"हो," मी म्हणालो.

"मंग पाप माझंच झालं. पाव्हणे, तुमचा काय दोष? तुम्ही बराबर सांगितल्तं, मीच ऐकलं न्हाई."

दाजी मान हलवत म्हणाले, "आईचं असंच. माणूस मेला तरी चालंल, पाव्हण्याला खारं पाणी न्हाई द्यायची."

सगळे थोडे हसले. मीही हसलो. कठीणतेचं मी त्या वेळी सांगू शकलो असतो. जागा होती, वेळ होती, सगळे माझ्याकडेच बघत होते. मी चहाचा कप उचलला.

त्यानंतर घरातलं पिण्याचं पाणी पुन्हा विहिरीवरून येऊ लागलं. अक्का आणायची. मावशींचे गुडघे दुखायचे तरी एक घागर त्या स्वतः आणायच्या, कुणी नको म्हटलं की म्हणायच्या, माझ्या नातीचं पाणी हाये. कोणी पाहुणा पोरीच्या दातांकडे बघायला लागला की त्याला आपण होऊन सांगायच्या, मी नासवले ते. माझ्यासमोरही सांगितलं, दोन-तीनदा तरी. मी गप्प असायचो. धाकट्याचे दात स्वच्छ आले. पोरगी हसताना तोंडावर हात धरायला शिकली होती ती तशीच राहिली. पाच-सहा वर्षांनी मावशी गेल्या.

भाची शिकली, अंबडला एका शाळेत नोकरीला लागली. दोन हजार सालानंतर केव्हा तरी तिच्याकडे एक दिवस राहिलो. मी तिला म्हणालो, औरंगाबादला चांगला डॉक्टर आहे, दातांवर पांढरं आवरण बसवून देतो, सगळा खर्च मी करतो. तिनं विचारलं, "तुम्ही कामून, मामा?"

तेव्हा मी सांगितलं. पाणी कठीण निघालं होतं, साबणाचं अक्कानं सांगितलं होतं, आणि ते हापशाचं नाही हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

तिनं मध्येच थांबवलं नाही. वर्गात उत्तर ऐकून घेतात तसं ऐकलं. मग विचारलं, "हे आजीला माहीत होतं?"

"नाही."

"माझे दात तेव्हा झालेच होते, मामा. तुमच्या बाटलीनं त्यांचं काही होणार नव्हतं. एक वर्षाचं घासणं तेवढं टळलं असतं. पण आजी शेवटपर्यंत सगळ्यांना सांगत राह्यली. तुम्ही समोर बसलेले असायचे."

मी हो म्हणालो.

"मंग हे तिला सांगायचं होतं. मला सांगून काय करू मी?"

ती उठून स्वयंपाकघरात गेली, भाकरी टाकायची होती. डॉक्टरचा विषय तिनं पुन्हा काढला नाही, मीही नाही. सकाळच्या एसटीनं जालन्याला परत आलो.