अडीच किलोची बाळं

भंडाऱ्याच्या ऑफिसात बसून मी गावागावांतून येणारे आरोग्याचे आकडे तपासते. रजिस्टरात एक, महिन्याच्या तक्त्यात दुसरं आणि कॉम्प्युटरवर तिसरंच असं काही सापडलं की मला चेव येतो. घरचे म्हणतात, लोकांच्या चुका शोधायचा पगार मिळणारी घरात तू एकटीच. आमचं घर पवनीचं, विणकराचं. लुगड्यावरून नुसता हात फिरवला तरी बाबांना सुटलेला धागा कळायचा. खोड तिथूनच आली असावी.

अड्याळकडच्या एका आरोग्य केंद्राचे आकडे मात्र जास्तच गुळगुळीत होते. जन्मलेलं जवळजवळ प्रत्येक बाळ अडीच किलोचं! अडीचच्या खाली गेलं की बाळ कमी वजनाचं धरतात, म्हणजे सगळी नेमकी काठावर. इथे बाळंतपणं होतात की साच्यातून विटा काढतात, असं मी ऑफिसात सगळ्यांना ऐकवलं आणि त्याच तणतणत्या डोक्यानं स्कूटी काढली.

केंद्रातल्या सिस्टर पन्नाशीच्या, शांत बाई. तासाभरापूर्वीच तिथे एक बाळंतपण झालं होतं. पोरगी पहिलटकरीण. माहेरी एकोडीला जायचं ठरलेलं, पण दिवस भरायच्या आतच कळा सुरू झाल्या. आता तीन दिवसांनी ती बाळ घेऊन माहेरी जाणार होती.

"माझ्यासमोर वजन करा," मी म्हटलं.

सिस्टरनी बाळाला काट्यावर ठेवलं. एक किलो नऊशे चाळीस. एवढंसं लेकरू, पण मुठी घट्ट आवळलेल्या. सिस्टरनी पेन उचललं आणि रजिस्टरावर धरून थांबल्या.

"काय लिवू, मॅडम?"

"काय लिवू म्हणजे? काट्यावर दिसतंय ते."

"दोन वर्षाआधी असंच लिवलं होतं जी. तं तुमचाच फोन आला, तुमच्या केंद्रातच बारीक पोरं काहून जन्मतात म्हणून. मंग लेखी खुलासा मांगला. तीनदा लिवून देला मी. आता मले सांगा, कोन लिवंल खरं?"

मला आधी आठवेचना. मग आठवलं. त्या महिन्यात असे कितीतरी फोन मी केले होते आणि खुलाशाच्या पत्रांवर झोकात सह्या ठोकल्या होत्या. आकडे सुधारले म्हणून स्वतःवरच खूश झाले होते. चोर शोधायला आले होते आणि सापडले मीच. 

"मग त्या बारीक बाळांचं काय केलंत?"

"आमच्या आशाताईले तोंडी सांगतो ना मी. ते जाते घरी. पन हे लेकरू एकोडीले चाललं. तिथल्या आशाताईले मी कुठं सांगू? ते पोरीच्या कार्डावरचंच वजन पाहील."

पोरीची सासू दाराशी उभी राहून हे सगळं ऐकत होती. "काहून जी बाई, वाचंल ना लेकरू?" तिनं विचारलं, आणि तेही मला, सिस्टरना नाही. मी कागदावरची बाई. मी रजिस्टराकडे वळले.

"खरं लिहा," मी सिस्टरना म्हटलं. "रजिस्टरात आणि कार्डावर. आणि माफ करा मला."

"माफीबिफी राहू द्या. अठी सही करा, तुमच्यासमोर वजन झालं म्हणून. आन मीटिंगमंदी बोला."

सही केली. आणि मीटिंगमध्ये बोलण्यापासूनही सुटका नव्हतीच. पुढच्या महिन्यात कमी वजनाच्या बाळांमुळे ते केंद्र तक्त्यात लालभडक दिसलं. साहेबांनी भुवया उंचावून विचारलं, "इथलं काम एवढं कसं बिघडलं?"

मी उभी राहिले. "बिघडलं नाही साहेब, सुधारलं. आधीचे आकडे खोटे होते. आणि ते लिहायला मीच लावलं होतं, फोन करकरून."

कोणीतरी खोकलं. साहेबांनी तक्ता खाली ठेवला. मग म्हणाले, "वजनाचा खुलासा कोणाला मागायचा नाही. बाळाच्या घरी किती वेळा गेलात, तेवढं विचारा." पुढच्या दोन महिन्यांत मोहाडीकडची केंद्रंही एकेक करून लाल व्हायला लागली. इतक्या खराब तक्त्यावर मी इतक्या आनंदानं कधी काम केलं नव्हतं.

मधल्या काळात त्या बाळाचा विचार मात्र पाठ सोडत नव्हता. दीड महिना झाल्यावर न राहवून एकोडीच्या आशाताईंना फोन लावला.

"दोन किलो सातशे ऐंशी!" त्या म्हणाल्या. "दोनदा ठेवलं काट्यावर. कार्डावर वजन पाहून मी दोन-दोन दिसाआड जाऊन राहिली होती. एका सकाळी गेली तं दूधच ओढेना, अंग थंड. तसंच छातीशी धरून साकोलीच्या दवाखान्यात नेलं. अडीच लिवलं असतं ना मॅडम, तं मी त्या रोजी गेलीच नसती."

फोन ठेवला आणि मी टेबलाशीच रडायला लागले. शेजारचे बाबू घाबरून उठले. "काय झालं जी मॅडम? घरचं कोनी गेलं काय?"

"नाही," मी डोळे पुसत म्हटलं, "राहिलं."